अक्काच्या सासरचा रस्ता

अक्काला कर्नाटकातलं, कागवाडच्या पुढचं स्थळ सांगून आलं तेव्हा आबा मुलगा बघायला गेले नाहीत, आधी रस्ता बघायला गेले. सकाळी एकट्यानंच जीप काढली आणि दिवेलागणीला परत आले ते मिश्यांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर धुळीचा थर घेऊन. आईनं पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आतच म्हणाले, "पोरगा सोन्याचा असंल, पर रस्ता न्हाई. हद्द सपली की नांगरटीत गाडी घातल्यागत हाय."

"आवं, पोरगी रस्त्याला द्यायची हाय का पोराला?" आई म्हणाली.

"पोराला. पर माहेराला रस्त्यानंच यायची हाय न्हवं?"

आबा वीस वर्षं लष्करात गाडी चालवत होते. लोकांना देश देवळांवरून नाहीतर नद्यांवरून आठवतो, आबांना तो रस्त्यांवरून आठवायचा. जोधपूर म्हटलं की ते म्हणायचे, "रस्ता सरळ दोरीसारखा, पर वाळू येऊन बसती." पंजाबचा रस्ता गुळगुळीत, पण तिथली माणसं गाडी अशी हाणतात की त्या गुळगुळीतपणाचा काही उपेग नाही. आसामातल्या एका वळणाची गोष्ट तर ते इतक्या वेळा सांगायचे, की कुंडलमधल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात बसून ते वळण मला आमच्या गल्लीच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं. नोकरी संपवून आल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि कुंडल, तासगाव, सांगली अशी माणसं ने-आण करायला लागले. सकाळी आमच्या घरात दोन आवाज एकदमच सुरू व्हायचे. चुलीपुढे आईची भाकरी थापायची लय, आणि दारातल्या पत्र्याच्या छपराखाली आबांचा हँडल मारण्याचा झगडा. जीप आधी खोकायची, मग शिंकायची, मग सगळ्या आळीला जाग येईल अशी दणदणायची. आई तेवढ्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून बोनेटवर आणून ठेवायची. सुट्टीच्या दिवशी मी आबांबरोबर सांगलीपर्यंत जायची. बाजाराच्या बाजूला आलं की हळदीचा वास नाकात शिरायचा, तो परत कुंडलला येऊन आंघोळ करेपर्यंत केसांत राहायचा. येताना भडंगाचा पुडा असायचा. तो घरी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा आणि आबा आईला सांगायचे, "रस्त्यानं सांडला."

आई साताऱ्याकडची. तिचं माहेर हायवेला लागून, आणि याचा तिला जो अभिमान होता तो तिनं आयुष्यभर जपला. "आमच्या दारातनं मुंबई-बंगलोरच्या गाड्या जात्यात," असं ती म्हणायची, जणू त्या गाड्या तिच्या वडलांना विचारून जात होत्या. आबा लगेच उठून बसायचे. "त्यो रस्ता दिल्लीच्या सरकारचा. साताऱ्याचा रस्ता बघायचा असंल तर हायवे सोडून तुमच्या गावात वळा. माझ्या जीपचं कमान-पाटं तिथंच मोडलं." मग आई सांगलीवर यायची. "सांगलीत अख्खी हळकुंडं घेऊन शिरलं तर बाहेर पडूस्तवर पूड झाल्याली असती." जेवताना हे असं चालायचं. मसुराचं कालवण, भाकरी, कच्चा कांदा आणि सातारा-सांगलीचे रस्ते. मी आणि अक्का खाली मान घालून हसायचो. आम्हांला दोघांचीही बाजू घ्यायची नसायची, कारण ज्याची बाजू घ्यावी त्याच्या बाजूचं ताट उचलावं लागायचं.

मात्र कर्नाटकाचा विषय निघाला की दोघं एक व्हायचे. तिथले रस्ते वाईट, यावर आमच्या घरात कधीच वाद झाला नाही. आता मी पुण्यात असते, आणि भाचे मंडळी कोल्हापूरच्या पुढे गेली की मला फोन करून सांगतात, "मावशी, हद्द ओलांडली आणि रस्ता सुधारला बघ." मला प्रत्येक वेळी आबांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्यांनी हे ऐकून घेतलं नसतं. त्यांनी स्वतः जीप काढून खात्री करून घेतली असती.

तर, रस्ता नापसंत असूनही लग्न झालं. मुलगा लष्करातलाच होता, घर चांगलं होतं, आणि अक्का आईजवळ हळूच म्हणाली होती, "मला चालंल." दाजी महिन्याभरात सीमेवर परत गेले आणि अक्का तिच्या सासूबाईंबरोबर त्या घरात राहिली. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. घरात मराठी, शेजारपाजारी कानडी. अक्का सणाला यायची तेव्हा तिच्या बोलण्यात दोन-चार कानडी शब्द मिसळलेले असायचे, आणि आबा ते ऐकून असा चेहरा करायचे की जीपखाली दगड आलाय.

त्याच हिवाळ्यात आबांनी मला जीप शिकवली. मी सतरा वर्षांची होते. उजाडता उजाडता साखर कारखान्याच्या रस्त्यावर आम्ही जायचो. आई म्हणायची, "पोरीच्या जातीला ह्यो कसला नाद?" आबा म्हणायचे, "तिचं पाय पोचत्यात." एवढंच कारण त्यांना पुरेसं होतं. उसाच्या बैलगाड्यांच्या मागं मागं मी पहिल्या गिअरात चालायची आणि आबा शेजारी बसून एकच गोष्ट सांगायचे. "खड्डा आला की घाबरून वळवू नगंस. खड्ड्यात गाडी उतरवायची, म्हातारीला पायरी उतरवल्यागत."

अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातवा सरला की तिला आणायची असं ठरलं. पण आबा सांगलीहून बातमी घेऊन आले, की आपल्या हद्दीतला रस्ता उकरलाय, नवा होतोय. "पंधरा दिस थांबू. नवा रस्ता झाला की पोरीला फुलासारखी आणतो." पंधराचे तीस दिवस झाले. अव्वांची दोन पत्रं आली. दुसऱ्या पत्रात पायावर सूज असल्याचं लिहिलं होतं. ते पत्र मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आई चुलीपुढून उठली, तिनं गादी गुंडाळली आणि जीपच्या मागच्या बाजूला नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा आणि मी निघालो.

अक्का दारातच उभी होती. तिचा चेहरा सुजलेला, पिवळट. हसली, पण डोळे हसले नाहीत. अव्वांनी जेवायला वाढलं, ज्वारीची पातळ भाकरी आणि वांग्याची भाजी, आणि आमचं जेवण होईस्तोवर स्वतःचंही लुगडं पिशवीत भरलं. "मी बी येतो मिरजेपतोर," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणायच्या. "डाक्टरला दावू. मग तुमी घरला न्हेवा. हिचं लक्षण मला बरं दिसंना."

मागं गादीवर अक्का आडवी झाली, डोकं अव्वांच्या मांडीवर. मी पायांशी बसले. आबांनी इतकी हळू जीप चालवलेली मी कधी पाहिली नव्हती. सायकलवाले आमच्या पुढं जात होते. तरीही तो रस्ता तो रस्ताच होता. मध्ये मध्ये डांबराचे तुकडे भाकरीच्या करपलेल्या पोपड्यांसारखे उरलेले, बाकी सगळे दगड. प्रत्येक दणक्याला आबा "हळू, हळू" म्हणायचे. कुणाला म्हणत होते कोण जाणे, गाडी तर तेच चालवत होते. हद्द तीन-चार मैलांवर राहिली असेल, तेवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. "नंदे," ती म्हणाली, "पाणी गेलं गं." गादी ओली झाली होती.

आबांनी जीप थांबवली. मागं वळून बघितलं आणि परत पुढं बघितलं. पण गाडी हलेना. मी खाली उतरून त्यांच्या बाजूला गेले. त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि मनगटापासून बोटांपर्यंत थरथरत होते. ज्या माणसानं बर्फात, दरडीच्या कडेनं गाड्या नेल्या होत्या, त्याला आपली बोटं आवरत नव्हती. "मी थांबलो," ते म्हणाले. "नव्या रस्त्यापायी थांबलो. महिना घालवला." मागून अक्का कण्हली तसं ते स्टेअरिंगवरून बाजूला सरकले. "नंदे, तू धर. माझ्या हातात बळ न्हाई."

मी कशी बसले, पहिला गिअर कसा टाकला, मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की प्रत्येक खड्डा मला वेगळा दिसत होता, त्याची कड, त्याचा तळ. एकही चुकवला नाही, एकेक उतरवला. आबा माझ्या शेजारी पाय आखडून बसले होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. देवाचं नाव असेल. हद्दीची पाटी मागं पडली आणि खरोखरच, मैलभर का होईना, चाकांखाली गुळगुळीत रस्ता आला. आबांनी श्वास सोडला. मी तिसरा गिअर टाकला. आणि मग पुढे रस्ता बंद.

आडवा खडीचा ढीग, त्यावर लाल फडकं. बाजूच्या रानातून वळणाची वाट काढून दिली होती, सकाळी येताना आम्ही तिथूनच आलो होतो, पण मधल्या वेळात कुणीतरी उसाला पाणी सोडलं होतं आणि ते वाटेवर आलं होतं. त्या चिखलात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रुतून आडवा झाला होता. त्याच्या मागं बैलगाड्या, एक टेम्पो. ढिगाच्या पलीकडे मात्र नवा रस्ता पसरला होता. काळाभोर, अजून वाफ निघत असलेला. बायका डोक्यावरच्या घमेल्यांतून डांबरात घोळलेली खडी आणून टाकत होत्या, दोन माणसं ती फावड्यानं सारखी करत होती, लांब एक रोलर मागं-पुढं होत होता. बायकांच्या पायांना गोणपाट गुंडाळलेलं होतं. डांबराच्या पिंपाखाली लाकडं पेटलेली, धूर सरळ आमच्या तोंडावर.

मी उतरून पळत गेले. मुकादम म्हणजे डोक्याला टॉवेल बांधलेला एक उंच माणूस. "गाडी न्हाई घालायची," तो म्हणाला. "गरम हाय. सगळं उखडून जाईल. सकाळधरनंचं काम हाय आमचं."

"गाडीत बाळंतपणाची बाई हाय," मी म्हणाले.

त्यानं जीपकडे बघितलं, चिखलातल्या ट्रॅक्टरकडे बघितलं, आणि नव्या रस्त्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आज कळतं. त्याला वरच्या कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "ट्रॅक्टर निघंल आता," तो म्हणाला.

एवढ्यात एक बाई घमेलं खाली ठेवून जीपच्या मागं गेली होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर भलं मोठं कुंकू, हात कोपरापर्यंत काळे. तिनं मागचं ताडपत्रीचं फडकं वर केलं. अव्वा आतून तिच्याशी कानडीत बोलल्या. काय बोलल्या मला समजलं नाही, पण त्या बाईनं अक्काच्या पोटावर, साडीवरूनच, हाताची पाठ टेकवली, कारण तळवा डांबरानं माखलेला होता. मग ती वळली आणि ओरडली, "बिडरी! बिडरी!" सोडा, सोडा. मुकादम काही बोलायला लागला तसं ती त्याच्या अंगावरच गेली. त्याच्याशी मात्र ती मराठीत बोलली, मोडक्यातोडक्या. "रस्ता उद्या बी करता येतो. परवा बी. त्ये पोर थांबतंय काय?"

मुकादमानं टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि नुसता हात हलवला.

मग जे झालं ते मी आजवर अनेकदा अनेकांना सांगितलं आहे, आणि दर वेळी मला ते सांगताना अपुरं वाटतं. दहा-बारा बायका त्या ढिगाला भिडल्या. घमेल्यांनी, फावड्यांनी, काहींनी नुसत्या हातांनी खडी बाजूला सारून जीपपुरती वाट केली. चाकांना डांबर चिकटू नये म्हणून दोघीजणी पुढे बारीक कच फेकत पळत होत्या, पेरणी करावी तशा. रोलरवाल्यानं रोलर अगदी कडेला नेऊन उभा केला. ती कुंकवाची बाई माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "निघ गं. भिऊ नगो. मऊ हाय."

मी जीप त्यावर घातली. अशा रस्त्यावर मी त्यानंतर कधी गाडी चालवली नाही, आणि आता तर सहा पदरी रस्त्यांवरून माझी ये-जा असते. ना दणका, ना आवाज. चाकं जणू ताज्या लोण्यात चालली होती. आरशात मला मागं दोन खोल चाकोऱ्या उमटताना दिसत होत्या आणि त्या चाकोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका, कमरेवर हात ठेवून. त्यांचं सकाळपासूनचं काम मी तुडवत चालले होते. आबा खिडकीबाहेर डोकं काढून मागं बघत राहिले. "सगळ्या कानडी हायत," ते इतकंच म्हणाले. "आपला रस्ता ह्यांनी केला?" अव्वा मागून म्हणाल्या, "मग कुणी केला म्हणायचा पाव्हणं? आमच्याकडचीच माणसं ही. तिकडं काम न्हाई म्हणून हिकडं येत्यात." आबांनी डोकं आत घेतलं.

मिरजेच्या दवाखान्यात पोचल्यावर पाऊण तासात अक्का बाळंत झाली. मुलगी. इतकी लहान, की डॉक्टरीणबाईंनी ती आम्हांला न दाखवताच काचेच्या पेटीत नेऊन ठेवली. अक्काला दोन दिवस शुद्ध-बेशुद्ध चालू होती. निरोप मिळताच आई कुंडलहून बसनं आली. ती दवाखान्याच्या पायरीवर आबांच्या शेजारी बसली. मी वाट बघत होते, की आता आई बोलणार, महिना घालवल्याबद्दल बोलणार. तिनं पदराच्या टोकानं आबांच्या मनगटावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "च्या घ्या चला." मला वाटतं, आबांना तिनं एखादा शब्द सुनावला असता तर सोपं गेलं असतं. ते तिथंच ओंजळीत तोंड घालून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. तिसऱ्या दिवशी अक्कानं डोळे उघडून पेज मागितली, आणि महिन्याभरानं आम्ही दोघींना कुंडलला आणलं.

पोरगी जगली, वाढली. आता ती दोन मुलांची आई आहे आणि आवाज तिचा असा आहे की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला हाक मारली. आईनं डबाभर घुगऱ्या आणि एक हिरवं लुगडं कागदात बांधून ठेवलं होतं. मिरज ओलांडून आम्ही त्या जागी गेलो. रस्ता पुरा झालेला, कडेला पांढरे पट्टेसुद्धा मारलेले. चाकोऱ्यांचा मागमूस नव्हता. टोळी तिथून हलून अर्धा मैल पुढे, एका फाट्यावर दगड फोडत होती. ती बाई सावलीला बसून भाकरी खात होती. आम्हांला बघून उठली. तिला आमचे चेहरे आठवले नसतील, पण जीप आठवली. बोटांनी तोंड पुसत तिनं विचारलं, "कूस?" म्हणजे बाळ.

"मुलगी," मी म्हणाले. "दोघी बऱ्या हायत."

तिनं वर बघून हात जोडले, मग लुगडं घेतलं, घुगऱ्यांचा डबा घेतला आणि उघडून लगेच सगळ्यांना वाटायला सुरुवात केली. तिचं नाव यल्लव्वा. आबा चुळबुळत उभे होते. शेवटी म्हणाले, "तुमचं काम खराब केलं आमी."

"सांजंपतोर परत केलं की," ती म्हणाली.

"तुमाला काय पायजे? सांगा. संकोच करू नगा."

यल्लव्वा विचारात पडली. मग तिनं जीपकडे हनुवटी केली. "ह्या रस्त्यावरनं एकदा न्हे मला. सारा चालत केला. गाडीत बसून कसा लागतो, बघितला न्हाई."

आबांनी स्वतः पुढचं दार उघडलं. तिनं टायरच्या चपला खाली काढून ठेवल्या. आबा म्हणाले असू दे, तरी तिनं ऐकलं नाही. मी मागं बसले. आबांनी गाडी मिरजेच्या दिशेनं वळवली आणि सावकाश निघाले. यल्लव्वा ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नजर काचेतून पुढं रस्त्यावर. वारं तिचा पदर उडवत होतं, तिला त्याची शुद्ध नव्हती. मैल, दीड मैल असेच गेलो. मग एका ठिकाणी जीपनं बारीकसा हिसका दिला, इतका बारीक की माझ्या लक्षातही आला नसता. यल्लव्वानं झटकन आबांकडे मान वळवली.

"हे आमचं न्हवं," ती म्हणाली. "हितनं फुडं दुसऱ्या टोळीचं."